काळी एक

आमच्या घरात सगळे काळी एकमध्ये बोलतात,
भाजीवाल्याशी भांडतानासुद्धा.
दाणाओळीतल्या या दोन खोल्यांत
बाबा गायले, मी गायलो,
आणि पोर पाळण्यात पहिल्यांदा रडली तेव्हा
बाबांनी पेटीवर बोट ठेवून तिचा सूर बघितला.
'वरचा आहे,' म्हणाले. 'येईल खाली.'
नावही त्यांनीच ठेवलं. बागेश्री.

आली खाली.
चौदा वर्षं माझ्या मागं बसली, उजव्या अंगाला.
मी श्वास घेईन तिथं आवाज भरायचा,
मी परतलो की थांबायचं.
गणपतीत जनकगंजला,
डिसेंबरात मफलर गुंडाळून फूलबागेकडच्या हॉलात.
लोक म्हणायचे, हुबेहूब!
मला ती तारीफ वाटायची.

पाकीट एकच यायचं.
'पंडितजी, बिटिया का भी इसी में है.'
कोटाच्या आतल्या खिशात.
त्यातलं तिचं किती, तिनं विचारलं नाही,
मीही मोजलं नाही.

मग एका चैत्रात तिनं थाटीपूरला खोली घेतली.
भांडण झालं नाही.
हिनं दोन पातेली दिली, मी जुनी सुरपेटी.
तंबोरा तिनं मागितला नाही.
सकाळी शाळेत पोरांना गाणं शिकवते,
संध्याकाळी कुणी गिटारवाला बंगाली येतो,
त्याच्याबरोबर काहीतरी बसवते. 'माझं स्वतःचं,' म्हणाली.
मी विचारलं, स्वतःचं म्हणजे कुणाचं?
हसली नुसती.

पौषात पत्रिका आली.
आडनाव नव्हतं. तीनदा वाचली,
छपाईची चूक असेल म्हणून.

गेलो. सांगितलं नाही.
मागच्या रांगेत, कानटोपी ओढून.
शेजारचा म्हणाला, 'आप भी गाते हैं?'
म्हटलं, 'थोड़ा-बहुत.'

तिनं काळी चार लावली.
बाबा, खाली आलीच नव्हती हो ती.
नुसती वाकून बसली होती.

बंदिश आमचीच, तिलवाड्यातली.
मुखडा आला, माझा हात आपोआप उचलला
आणि समेवर मांडीवर पडला.
ती तिथं नव्हती.
तबल्याचा धा एकटाच वाजला, रिकाम्या घरात भांडं पडावं तसा.
अर्धी मात्रा. पाऊण.
मग आली,
उशिरा आलेलं माणूस माफी न मागता
चप्पल काढून आपल्या जागी बसतं, तशी.

आमच्यात याला चूक म्हणतात.
पण चूक एकदा होते.
ती तीनदा तशीच आली.

मी उठलो नाही. दादही दिली नाही.
हात तिथंच, मांडीवर, पालथा.

रविवारी घरी आली. गजक आणली,
माझ्या दातांना झेपत नाही हे माहीत असून.
पाकीट हिच्या हातात दिलं, हिनं देवापुढं ठेवलं,
कुणी उघडलं नाही.
'मागच्या रांगेत कानटोपी कुणाची होती?'
'थंडी होती,' मी म्हटलं.

बागेश्री राग तिनं अजून गायलेला नाही,
घरात नाही, बाहेर नाही.
म्हणते, स्वतःलाच हाक मारल्यासारखं होतं,
ओ कोण देणार?

ती गेल्यावर तंबोऱ्याची गवसणी काढली.
खुंट्या पिळत गेलो.
काळी दोनपाशी जोड कुरकुरली.
पुढं जाणार नाही तो. मर्दानी तंबोरा आहे,
मलाही कळतं.
तरी छेडला.

स्वयंपाकघरातून हिनं विचारलं,
'कोण आलंय?'